थाई ॲक्शनपटांच्या मूळ आवृत्त्या डिस्कवर जमवताना

थाई ॲक्शन नट टोनी जाचा ‘टॉम यम गूंग’ पाहिलाय असं कुणी म्हणालं की मी आता लगेच विचारते, किती मिनिटांचा? थायलंडमध्ये २००५ साली आलेला मूळ चित्रपट ११० मिनिटांचा आहे. पुढच्या वर्षी अमेरिकेत तो ‘द प्रोटेक्टर’ नावानं लागला तेव्हा त्यातली सुमारे २५ मिनिटं गेली होती आणि संगीतही बदललं होतं. नवं संगीत आरझेडए या अमेरिकन हिप-हॉप संगीतकारानं दिलं होतं. ब्रिटनमध्ये त्याचं नाव ‘वॉरियर किंग’, जर्मनीत ‘रिव्हेंज ऑफ द वॉरियर’, स्पेनमध्ये ‘थाई ड्रॅगन’ आणि आपल्याकडे हिंदीत ‘हाथी मेरे साथी’. कोणत्या नावाच्या डब्यात कोणती लांबी आहे, हे डबा उलटून मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही.

मी बरीच वर्षं तो छोटा ‘प्रोटेक्टर’च पूर्ण चित्रपट समजत होते. २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मूळ आवृत्तीबद्दल वाचलं आणि ठरवलं की या चित्रपटांच्या न कापलेल्या प्रती घरात असायला हव्यात. यादी केली ती अशी: ‘ओंग बाक’ (२००३), ‘बॉर्न टू फाइट’ (२००४), ‘टॉम यम गूंग’ (२००५), ‘चॉकलेट’ (२००८) आणि ‘ओंग बाक’चे पुढचे दोन भाग (२००८ आणि २०१०). यादी पूर्ण व्हायला २०२४ चा उन्हाळा उजाडला. मधल्या काळात रीजन कोड (डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारी खूण), कस्टम्सची पत्रं, थाई लिपी, बँकेचे नियम असं बरंच शिकावं लागलं आणि मराठीत विचारायला कुणी सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

डिस्कच कशाला, असं घरातही विचारलं गेलं. ऑनलाइन चित्रपट मिळतात, पण कोणती आवृत्ती दाखवतायत ते तिथं सहसा लिहिलेलं नसतं, आणि आज असलेला चित्रपट पुढच्या महिन्यात असेलच याची खात्री नसते. त्यात या चित्रपटांच्या बाबतीत आवृत्तीला फार महत्त्व आहे. टोनी जा, म्हणजे फनोम यीरम, हा सुरिन प्रांतातला. हत्ती पाळणाऱ्या घरात वाढलेला. सुरिन हत्तींसाठीच ओळखला जातो. दर नोव्हेंबरात तिथं हत्तींचा मोठा मेळा भरतो. ‘टॉम यम गूंग’मध्ये नायकाचा हत्ती आणि त्याचं पिल्लू चोरून सिडनीला नेतात आणि तो त्यांच्या मागावर जातो. हत्तीसोबतचं त्याचं बालपण, गाव, वडील हे सगळं आखडलं की उरतो तो नुसता लोकांची हाडं मोडत फिरणारा माणूस. मूळ आवृत्तीत त्या प्रत्येक ठोशामागचं कारण आपण आधी पाहिलेलं असतं.

दुसरं म्हणजे ही माणसं ते खरोखर करत होती. स्टंट दिग्दर्शक पन्ना रित्तिक्राय हे थायलंडमधल्या खोन कैन भागातले. कमी पैशांत, स्वतःच्या स्टंट चमूला घेऊन ते १९८० च्या दशकापासून चित्रपट करत होते. टोनी जा पोरवयात त्यांच्याकडे शिकायला गेला. ‘ओंग बाक’ दिग्दर्शक प्राच्या पिंकेव यांचा, मारामाऱ्यांची आखणी पन्नांची. तारांना लटकणं नाही, संगणकानं घातलेल्या उड्या नाहीत. हे एकदा मनात बसलं की चुकीच्या ठिकाणी लागलेली कात्री सहन होत नाही.

तर पहिलं काम कागदावरचं. वही घेतली आणि प्रत्येक चित्रपटासाठी एक पान केलं: मूळ लांबी, मूळ भाषा, कुठल्या देशात कोणत्या नावानं निघाला, डिस्कवर थाई आवाज आहे का, इंग्रजी सबटायटल आहेत का. हे करताना लांबीचं एक कोडं सुटलं, ते आधी सांगते, कारण त्यात बरेच जण अडकतात. ब्रिटनच्या डीव्हीडीवर ‘टॉम यम गूंग’ची लांबी १०५-१०६ मिनिटं दिसते. म्हणजे चार-पाच मिनिटं कापली का? तसं असेलच असं नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि पाल पद्धतीच्या, म्हणजे युरोपातल्या टीव्हीसाठी काढलेल्या, डीव्हीडीवर तो २५ चौकटींनी धावतो. ११० ला २४ नं गुणून २५ नं भागा, साडेचार मिनिटांच्या आत-बाहेर आपोआप कमी होतात. तेव्हा ब्रिटन किंवा युरोपची डीव्हीडी असेल तर आधी हा हिशेब करायचा आणि मगच कात्रीचा संशय घ्यायचा. ब्लू-रेला सहसा हा प्रश्न येत नाही. ८५ मिनिटांच्या आतला ‘प्रोटेक्टर’ मात्र कुठल्याही हिशेबात बसत नाही, तो कापलेलाच.

‘ओंग बाक’चा गुंता वेगळा. आशियाबाहेरचे हक्क फ्रेंच दिग्दर्शक ल्यूक बेसाँ यांच्या युरोपाकॉर्पनं घेतले आणि चित्रपट पुन्हा संकलित केला. चित्रपटातल्या मुय लेक या मुलीची बहीण ङेक हिचं उपकथानक जवळजवळ काढून टाकलं, शेवटची लढत आखडली आणि थाई रॉक संगीताच्या जागी हिप-हॉपच्या वळणाचं संगीत घातलं. अमेरिकेत हीच आवृत्ती गेली. ब्रिटनच्या आवृत्तीत ङेकची गोष्ट राहिली, पण तिथं संगीत तिसरंच, वाद्यवृंदाचं. म्हणजे पूर्ण गोष्ट हवी तर ब्रिटनची प्रत, आणि मूळ संगीत ऐकायचं तर थायलंडची. मी दोन्ही घ्यायचं ठरवलं. ङेकच्या प्रसंगांशिवाय तो डॉन नावाचा गुंड फक्त बुद्धमूर्तीचं शिर चोरणारा भामटा वाटतो. तिच्या बाबतीत तो काय करतो ते पाहिलं की त्याच्याबद्दलचा राग पार बदलतो.

सबटायटलबद्दलही सावध राहा. काही डिस्कवर थाई आवाज असतो, पण खाली उमटणाऱ्या ओळी इंग्रजी डबिंगच्या संवादांवरून घेतलेल्या असतात. पडद्यावर माणूस दोन शब्द बोलतो आणि खाली लांबलचक वाक्य येतं, किंवा तोंड बंद असताना ओळ येते. ‘ओंग बाक’मध्ये हे फार खटकतं, कारण त्यात पेत्चताय वोंगखामलाओ हा थायलंडचा लाडका विनोदी नट आहे आणि त्याचं सगळं काम बोलण्याच्या लकबीवर चालतं. एखाद्या प्रतीची परीक्षणं वाचताना मी सबटायटल थाईवरून केलीत का, हे आधी शोधायचे.

मग प्लेअर. भारताचा डीव्हीडीचा रीजन ५, थायलंडचा ३, ब्रिटनचा २, अमेरिकेचा १. ब्लू-रेला अक्षरं आहेत: आपण सी, ब्रिटन बी, अमेरिका आणि थायलंड ए. फोर-के डिस्कला मात्र रीजनचं कुलूप नसतं. जानेवारी २०२३ मध्ये मी पुण्यात तपकीर गल्लीत गेले. पहिल्या दोन दुकानांत प्लेअरच नव्हते. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी आतून एक खोका काढला.

“ताई, आता डीव्हीडी कोण घेतं? पेनड्राइव्हसाठी हवाय का?”

“नाही काका, डिस्कसाठीच. बाहेरच्या देशातल्या चालतील ना?”

“सगळं चालतं याच्यात.”

यावर विसंबू नका. मी मैत्रिणीकडून मागून घेतलेली एक अमेरिकन डीव्हीडी सोबत नेली होती. ती लावली, पडद्यावर रीजन चुकीचा असल्याची पाटी आली. काका बिचारे खटपटे निघाले. कुणाला तरी फोन केला, रिमोटवर ट्रे उघडा ठेवून आकडे दाबले, एक लपलेला मेनू उघडला आणि रीजन शून्यावर नेला. डिस्क चालली. अडीच हजार रुपये दिले आणि त्यांच्याच हातानं ते आकडे बिलाच्या मागं लिहून घेतले. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, आणि काही प्लेअर असे उघडतच नाहीत. म्हणून बाहेरची डिस्क खिशात घेऊनच दुकानात जा. प्लेअर एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) आणि पाल दोन्ही वाचतो का, तेही तिथंच तपासा.

लॅपटॉपला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह हा स्वस्त पर्याय वाटतो, पण त्यात रीजन जास्तीत जास्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. वेगवेगळ्या देशांच्या डिस्क असतील तर हा रस्ता लवकर संपतो.

ब्लू-रेसाठी सगळे रीजन चालवणारा प्लेअर इथं महाग पडत होता, म्हणून मी बहुतेक यादी डीव्हीडीवरच ठेवली. चित्र ब्लू-रेइतकं स्वच्छ नाही, हे खरं. पण मला हव्या त्या आवृत्त्या जुन्या डीव्हीडीवरच जास्त सहज सापडत होत्या.

फेब्रुवारीत ब्रिटनमधल्या एका जुन्या डिस्क विकणाऱ्याकडून ‘ओंग बाक’ मागवायला बसले तर पैसेच जाईनात. २०२० मध्ये आलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात आणि मर्यादा ठरवावी लागते. मी मर्यादा पाच हजारांवर ठेवली आणि खरेदी झाली की पुन्हा बंद केली. बँक चलन बदलण्याचं शुल्क लावते, साधारण साडेतीन टक्के, आणि त्या शुल्कावर जीएसटी. छोट्या खरेदीत ते फार नसतं, पण हिशेबात धरा. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला निरोप पाठवून तीन गोष्टी विचारा: भारतात पाठवणार का, माग काढता येईल अशा टपालानं पाठवणार का, आणि पाकिटावर वस्तूचं नाव व किंमत खरी लिहिणार का. काही विक्रेते मदतीच्या भावनेनं भेटवस्तू म्हणून लिहू का, असं विचारतात. नाही म्हणा. डिसेंबर २०१९ पासून टपालानं किंवा कुरियरनं येणाऱ्या भेटवस्तूंची जुनी सवलत गेली आहे. राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली आहेत. खरी पावती आणि खरी किंमत असेल तर पुढचं सगळं सोपं जातं.

टपालाचा मागक्रमांक जपून ठेवा. दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरं, अशी त्याची रचना असते. पाकीट भारतात पोचल्यावर हाच क्रमांक आपल्या टपालखात्याच्या संकेतस्थळावर चालतो. माझं पाकीट आठ-दहा दिवसांत मुंबईत आलं आणि नंतर तीनेक आठवडे एकच ओळ दिसत राहिली, कस्टम्सकडे असल्याची. रोज सकाळी चहा घेताना ती ओळ बघायची सवय लागली. मग घरी पत्र आलं. सरकारी पाकीट, वर शिक्के, आत इंग्रजीत मागण्या. पहिल्यांदा वाचताना छातीत धडधडलं. आपण काही बेकायदेशीर मागवलं की काय असं वाटावं अशीच त्या पत्रांची भाषा असते.

शांतपणे वाचलं तर मागण्या साध्या होत्या: ओळखपत्राची प्रत, खरेदीची पावती, पैसे भरल्याचा पुरावा आणि वस्तू कशासाठी आणली त्याचा खुलासा. मी एका पानावर लिहिलं की ही एका थाई चित्रपटाची छापील डीव्हीडी आहे, एकच प्रत आहे, घरी पाहण्यासाठी आहे, विक्रीसाठी नाही. सोबत पावती, कार्डाच्या विवरणाचं ते एक पान आणि ओळखपत्राची प्रत जोडली. ओळखपत्राच्या प्रतीवर तारीख आणि कारण लिहून सही केली; ही सवय सगळीकडेच ठेवावी. पत्रातला संदर्भ क्रमांक माझ्या पत्रावर ठळक लिहिला. दोन आठवड्यांत पोस्टमन दारात. डिस्क साधारण दोन हजारांची आणि टपाल तेराशे. कस्टम्स आणि टपालखात्याचं शुल्क मिळून दीड हजाराच्या आसपास पोस्टमनकडे भरले. लक्षात ठेवा, ड्युटी लावताना टपालखर्चही किमतीत धरतात. म्हणून टपाल महाग असेल तर एकेक डिस्क मागवणं परवडत नाही. दर बदलत राहतात. मागवण्याआधी त्या वेळचा दर बघून घ्या.

डबा हातात आला, फोडला आणि तो सगळा ताण एका मिनिटात उतरला. त्याच रात्री पूर्ण चित्रपट पाहिला. ङेकचे प्रसंग पहिल्यांदाच बघत होते.

यानंतर ‘टॉम यम गूंग’. अमेरिकेत ड्रॅगन डायनस्टी या मालिकेत जानेवारी २००७ मध्ये ‘द प्रोटेक्टर’चा दोन डिस्कचा संच निघाला, त्यात अमेरिकन आवृत्ती आणि लांब आवृत्ती अशा दोन्ही आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात म्हणून मला तोच हवा होता. अमेरिकेतले बरेच छोटे विक्रेते भारतात पाठवत नाहीत. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो. त्याला म्हटलं, “दादा, तुझ्या पत्त्यावर मागवते, डिसेंबरात येशील तेव्हा आण.” दादा म्हणाला, “हळद-कुंकू, मसाले इकडे आणायचे आणि मारामारीचे सिनेमे तिकडे न्यायचे, चालेल.” वहिनीनं पाकिटं घेऊन ठेवायची जबाबदारी घेतली.

इथं एक घोटाळा झाला. एका विक्रेत्यानं दोन डिस्कचा संच म्हणून जाहिरात केली आणि आली ती एका डिस्कची, फक्त कापलेली आवृत्ती असलेली प्रत. वहिनीनं डबा उघडून फोटो पाठवला म्हणून वेळेत कळलं आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत ती परत गेली. तेव्हा तुमचं कुणी तिकडे सामान घेणार असेल तर त्यांना डबा उघडून आतल्या डिस्कचा आणि मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगा. दुसऱ्या विक्रेत्याकडून खरा संच मिळाला, बारा डॉलरला. ‘बॉर्न टू फाइट’ही त्याच मालिकेत मिळाला. हा पन्नांनीच दिग्दर्शित केलेला, त्यांच्या जुन्या चित्रपटाचं नवं रूप. यात थायलंडचे खरे खेळाडू आहेत: फुटबॉलपटू पियापोंग पुए-ऑन, सेपाक टकरॉ या पायानं खेळायच्या व्हॉलीबॉलसारख्या खेळाचा सुएबसाक फुनसुएब, जिम्नॅस्ट अमोर्नथेप वाएवसांग. एका गावावर गुंडांनी ताबा मिळवलेला असतो आणि गावकरी व खेळाडू मिळून लढतात, फुटबॉलपटू चेंडू मारून गुंड पाडतो. गोष्ट एवढीच, पण चालत्या ट्रकवरून खाली पडणारी माणसं बघताना श्वास अडकतो.

‘चॉकलेट’ आणि ‘ओंग बाक’चे पुढचे भाग तुलनेनं सहज मिळाले, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. एवढंच सांगते की ‘ओंग बाक २’ आणि ‘३’ एकत्रच घ्या. दुसरा भाग ज्या जागी थांबतो तिथं गोष्ट संपत नाही, ती तिसऱ्यात पुढं जाते. आणि पहिल्या ‘ओंग बाक’शी त्यांच्या कथेचा थेट संबंध शोधू नका, हे शतकांपूर्वीच्या अयुथ्थया काळातले आहेत.

दादा डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा यादीत फक्त थाई प्रती उरल्या होत्या. नोव्हेंबरातच थायलंडनं भारतीयांना व्हिसाशिवाय यायची मुभा दिली होती आणि आम्हा तिघी मैत्रिणींचं बँकॉकला जायचं बरेच दिवस चाललं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईहून निघालो. मैत्रिणींना मंदिरं आणि बाजार हवे होते, मला त्यातला एक दिवस डिस्कसाठी हवा होता.

तयारी मात्र इथूनच करून गेले. चित्रपटांची थाई नावं मोबाइलवर मोठ्या अक्षरांत साठवली, कारण डब्याच्या कण्यावर फक्त थाई लिपी असते आणि कप्प्यातून डोळे फिरवताना अक्षरांचा आकार ओळखावा लागतो. थायलंडमध्ये बुद्धसंवत चालतो; डब्यावर २५४६ दिसलं तर ५४३ वजा करायचे, २००३ येतात. ‘टॉम यम गूंग’साठी २५४८, ‘चॉकलेट’साठी २५५१. इंग्रजी सबटायटल आहेत का, हा प्रश्नही थाईत लिहून घेतला होता. तो दाखवला की विक्रेते लगेच मान हलवून सांगत, बहुतेकदा नाही असं. तिथल्या लोकांसाठी काढलेल्या या काळातल्या थाई डीव्हीडींवर इंग्रजी ओळी सहसा नसतातच. मला ते चालणार होतं. गोष्ट मी ब्रिटनच्या प्रतीवर समजून घेतली होती, इथं मला मूळ आवाज आणि संगीत हवं होतं.

राष्ट्रीय स्टेडियमच्या स्टेशनवरून पुलानं थेट एमबीके सेंटर या मॉलमध्ये जाता येतं. तिथं मोबाइलची दुकानंच दुकानं, डिस्क जवळपास संपलेल्या. खरा शोध लागला चतुचकच्या शनिवार-रविवारच्या बाजारात. जुनी पुस्तकं, कॅसेट, रेकॉर्डी यांच्या गल्लीत एका आजींच्या टेबलाखाली खोके होते. मी मोबाइल दाखवला, त्यांनी चष्मा लावून वाचलं, “टोनी जा!” म्हणून हसल्या आणि कोपर हवेत उगारून दाखवलं. मग स्वतःच खाली वाकून खोके बाहेर ओढायला लागल्या. मीही शेजारी बसले. घाम पुसत आम्ही दोघींनी चारही खोके उपसले. ‘ओंग बाक’ तिसऱ्यात निघाला.

जुनी प्रत घेताना डिस्क उलटी करून बघाच. कारखान्यात छापलेली डिस्क खालून चंदेरी असते, घरी जाळलेली जांभळट दिसते. मधल्या पारदर्शक कड्याजवळ बारीक कोरलेले क्रमांक असतात, उत्पादकाची खूण असते. वरचा कागद रंग उडालेल्या फोटोप्रतीसारखा असेल, किंवा एकाच डिस्कवर चार-पाच चित्रपट असतील, तर ती चोरटी प्रत. उजेडासमोर धरून टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात का तेही पाहा. हलके ओरखडे चालतात, वर्तुळाच्या दिशेनं गेलेला खोल ओरखडा नको. आजींकडच्या प्रती शंभर ते दीडशे बाटला होत्या. तेव्हा बाट साधारण अडीच रुपयांना पडत होता. त्यांनी ‘टॉम यम गूंग’ची एक व्हीसीडीही पिशवीत टाकली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

परतताना डिस्क हातातल्या सामानात ठेवल्या, कपड्यांच्या मध्ये. तेव्हाच्या नियमानं ५० हजार रुपयांपर्यंतच्या सामानाला ड्युटी नव्हती, आमचं सगळं मिळून त्याच्या जवळपासही जात नव्हतं. तरी पावत्या वरच्या कप्प्यात ठेवल्या. कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये एका रविवारी आईला शेजारी बसवून थाई ‘ओंग बाक’ लावला. त्या रॉक संगीतावर बँकॉकच्या गल्लीतली पळापळ बघितली आणि अंगावर काटा आला; हा वेग या संगीतासाठीच बांधला होता हे कानांना कळत होतं. याच चित्रपटात पाठलाग चालू असताना मागच्या भिंतींवर इंग्रजीत रंगवलेले निरोप आहेत. एक स्पीलबर्गला, चला एकत्र काम करू. दुसरा ल्यूक बेसाँना, आम्ही तुमची वाट पाहतोय. स्पीलबर्गचं स्पेलिंग चुकलेलं आहे. ज्या बेसाँना भिंतीवरून हाक मारली त्यांच्याच कंपनीनं पुढं हा चित्रपट जगभर नेला. मी प्रत्येक निरोपावर चित्र थांबवलं आणि आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, “पोरांची हिंमत बघ.”

‘टॉम यम गूंग’मधला तो जिना तर तिनं मागं नेऊन पुन्हा बघितला. टोनी जा एका उपाहारगृहाच्या गोल जिन्यानं वर चढत जातो, जवळजवळ चार मिनिटं, एकही कट नाही. माणसं कठड्यावरून खाली पडतात आणि कॅमेरा त्याच्या मागं वर वर चाललेला. शेवटी शेवटी तो दमलेला दिसतो, आणि तो खराच दमलेला आहे. ‘चॉकलेट’च्या शेवटी नावं सरकताना चित्रीकरणात झालेल्या दुखापती दाखवल्या आहेत. त्यातली नायिका जीजा यानिन हिचा तो पहिलाच मोठा चित्रपट. तिच्यावर बर्फाच्या पिशव्या धरलेल्या पाहून आई उठून आत गेली.

कुणाला खर्चाचा अंदाज हवा असेल तर: प्लेअरसकट, ड्युटी आणि टपाल धरून, पण बँकॉकचा प्रवास सोडून, सगळं मिळून साडेबारा-तेरा हजारांत बसलं. त्यातला सगळ्यात वाया गेल्यासारखा भाग म्हणजे एकेका डिस्कचं टपाल. नातलग किंवा मित्र येणार असेल तर थांबा, घाई करू नका. डिस्क उभ्या ठेवा, उन्हापासून आणि पावसाळ्यातल्या ओलीपासून दूर, डब्यांच्या कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पुसायच्या तर मऊ कापडानं, मधून बाहेर सरळ रेषेत. गोल फिरवून नको.

आता पन्नांच्या १९८० च्या दशकातल्या चित्रपटांच्या मागं आहे. ते २०१४ च्या जुलैमध्ये गेले, ५३ व्या वर्षी, आणि त्यांचं सुरुवातीचं काम सापडणं अवघड आहे. जे मिळतं ते बहुतेक व्हीसीडीवर: चित्र धूसर, एका चित्रपटाच्या दोन डिस्क. पण व्हीसीडीला रीजन कोड नसतो, तपकीर गल्लीतला प्लेअर त्या आरामात वाचतो. आजींनी दिलेली प्रत लावून खात्री केली आहे. आमच्यातली एक मैत्रीण नोव्हेंबरात पुन्हा बँकॉकला जाणार आहे; तिच्या मोबाइलवर थाई नावांची नवी यादी टाकून ठेवली आहे, आणि चतुचकच्या त्या गल्लीचा फोटोही.